हरणाबाईची पात

हरणाबाई खुरपायला बसली की बाकीच्या बायांची पंचाईत व्हायची. रोजगाराला गेलेल्या बाया रानात एका ओळीने बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला पिकातला एकेक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. हरणाबाईची पात कायम पुढे. बाकीच्या निम्म्यात असताना ही बांधाला टेकून पदराने तोंड पुसत बसलेली असायची. मागे वळून पाहावं तर तिच्या पातीत गवताची काडी नाही, नुसती काळी भुसभुशीत माती. ज्याच्या रानात तण माजलं तो मालक आधी हरणाबाईकडे सांगावा धाडायचा. तिला त्याचा ताठा होता आणि तो ती झाकूनही ठेवायची नाही.

मग गुडघे गेले. धाराशिवच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं, उकिडवं बसायचं नाही.

"मग खुरपायचं कसं?" हरणाबाईनं विचारलं.

"खुरपायचंच नाही, मावशी."

परतीच्या एसटीत ती नवऱ्याकडे पाठ करून बसली. गोरोबा बिचारा खिडकीतून बाहेर बघत बसला. तेर आल्यावर त्याने भजी घेऊ का विचारलं, तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उतरलाच नाही.

लोकांच्या रानाचं काही नाही, रोजगार सुटला तर सुटला. पण तिच्या स्वतःच्या ओढ्याकडच्या रानात लव्हाळा होता. लव्हाळा काय चीज आहे ते ज्याने काढलाय त्यालाच कळतं. वरून कापावा तर मातीतली गाठ तशीच राहते आणि चार दिवसांत पुन्हा हिरवी सुई वर येते. नांगरावा तर गाठी तुटून रानभर पसरतात. इतकी वर्षं त्या लव्हाळ्याने मान वर काढली नव्हती, कारण हरणाबाई सारखी त्याच्या मानगुटीवर बसलेली होती. ती उठली आणि लव्हाळा उठला. गेल्या खरिपात सोयाबीन कुठे आहे ते हुडकावं लागलं. खुरपायला बाया बोलवाव्या तर त्या हंगामात सगळ्यांच्याच रानात तण, कुणी येईना. एक दिवस आल्या त्यांनी काम असं केलं की हरणाबाईने बांधावर उभं राहून कपाळावर हात मारून घेतला.

आमच्याकडे रानं बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, द्यायची-घ्यायची बोलणी पाडव्याला होतात. पाडव्याच्या दिवशी गुढी उभी राहते न राहते तोवर आण्णासाहेब दारात हजर. आण्णासाहेब म्हणजे गोरोबाचे चुलत भाऊ. मोठे बागायतदार, घरचा ट्रॅक्टर. माणूस वाईट नव्हता. फक्त ओढ्याकडचं रान त्यांच्या रानाला लागून होतं, आणि लागून असलेल्या रानावर माणसाची नजर जातेच.

"गोरोबा, खरं बोलतो, राग मानू नगंस," ते म्हणाले. "वैनींचं गुडघं गेलं. तुझं कंबरडं कवाच गेलंय. पोरगा इंद्रजित दुधाच्या गाडीवर. ते रान आता तुमच्या हातानं व्हत न्हाय. मला बटईनं दे. ट्रॅक्टर हाय, फवारा हाय. तुझा वाटा घरपोच."

"बगू," गोरोबा म्हणाला. पण ते 'बगू' होकाराकडे झुकलेलं होतं. मान खाली होती.

हरणाबाई चुलीपाशी होती. एरवी पुरुषांच्या बोलण्यात ती पडायची नाही असं म्हणायची पद्धत आहे, पण ती पडायची हे सगळ्यांना माहीत होतं. चहाची कपबशी घेऊन बाहेर आली.

"भावजी, च्या घ्या. आन् ऐका. ह्या साली रान आमीच करणार. येळवशीला जेवायला या माझ्या रानात. त्या दिशी रानात लव्हाळा दिसला, तर येत्या पाडव्याला रान तुमचं. माझी जबान हाय."

येळवस मार्गशीर्षात, अजून नऊ महिने लांब. आण्णासाहेब हसले. "वैनी, लव्हाळा आजवर कुणाला हारलाय व्हय?"

"ते येळवशीला बगू की."

ते गेल्यावर गोरोबा म्हणाला, "आगं, कशाच्या जोरावर जबान दिलीस?"

"तोंडाच्या," हरणाबाई म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन मात्र ती बराच वेळ गुडघे चोळत बसली. बटईने दिलेलं रान परत येतं हे खरं, पण बटईने दिलेल्या रानात आपण पाहुणे होतो हेही खरं. तिचा जीव त्या रानात होता.

तोड काढली ती सुनेनं. शिवकन्या मुरूमकडची. तिकडे कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिच्या बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द येई आणि हरणाबाई तिला 'कानडीण' म्हणून चिडवी. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आत्या, मका करू या का? म्हशीला वैरण हुईल. आमच्या माहेरी मक्यात अलसंदी टाकत्यात. दाट. ती आशी पसरती का तण वर यायला उजेडच मिळत न्हाय."

"अलसंदी काय आसतं?"

"चवळी वो."

"आगं बया! तणानं बेजार झालोय आन् वरनं आनखी एक येल सोडायचा? रान हाय का मांडव?"

"माझ्या बापाच्या रानात लव्हाळा हुता. आता लई कमी झालाय. आन् चवळीच्या मुळानं जिमीनबी सुधारती."

"तुझ्या बापाचं रान तांबडं, आमचं काळं."

"लव्हाळा एकच की आत्या," शिवकन्या म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

हरणाबाईला हे पटलं नाही. पण दुसरा इलाज सुचत नव्हता आणि जबान तर देऊन बसली होती. गोरोबा म्हणाला, "उडदातुरीच्या बेवडावर म्होरलं पीक चांगलं येतं हे आपल्याला का म्हाईत न्हाय? मग चवळीनं काय घोडं मारलंय?" तेव्हा ती "करा काय करायचं ते" म्हणाली. आमच्या भागात बाईमाणूस असं म्हणालं की तो होकार समजतात.

पेरणी मात्र तिने कुणाच्या हातात जाऊ दिली नाही. तिफणीच्या कडेच्या दोन फणांतून मका, मधल्या फणाचं नळं चिंधीच्या बोळ्याने बंद, आणि त्याच्या मागे दोरीला बांधलेला मोघा. मोघा म्हणजे बांबूची पोकळ नळी, वर वाटीएवढं तोंड. ती धरून तिफणीमागे चालत मुठीतून बी सोडत जायचं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून या रानात मोघा हरणाबाईचाच. शिवकन्या म्हणाली, "आत्या, म्या धरते." हरणाबाईने ऐकलंच नाही. चवळीने ओटी भरून घेतली, पदर खोचला आणि मोघ्याला हात घातला.

गोरोबा तिफणीवर. पाखऱ्या आणि सोन्या ही बैलजोडी तशी तडफेची, पण त्या दिवशी गोरोबा कासरा ओढून ओढून त्यांना आवरत होता. ओल चांगली होती. माती पायाच्या बोटांतून वर येत होती. प्रत्येक तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या, शेवटी हरणाबाई क्षणभर मोघ्यावर टेकायची, गुडघ्यावरून हात फिरवायची आणि "हाणा" म्हणायची. दिवस मावळायच्या आत रान पेरून झालं. शिवकन्याला तिला हात धरून बांधावर बसवावं लागलं. तोंडावर मात्र सगळं रान एकटीने पेरल्याचा तोरा होता.

मका वर आला, चवळी वर आली, त्यांच्या आधी लव्हाळा वर आला. पीक वीतभर असताना गोरोबाने एकदा कोळपं फिरवलं. त्यानंतर शिवकन्या म्हणाली, आता रानात हत्यार घालायचं नाही. हरणाबाईच्या हाताला खाज सुटल्यासारखं व्हायचं. ती बांधावरून बघत राहायची. चवळीने आधी तास धरलं, मग दोन्ही बाजूला हात पसरले, मग पानाला पान लागलं. मधूनच एखादा वेल मक्याला विळखा घालायचा, तो शिवकन्या वैरणीला आली की सोडवून खाली टाकायची. श्रावण लागेपर्यंत मातीच दिसेना.

आणि इथेच हरणाबाईचं बिनसलं. तिच्या लेखी चांगलं रान म्हणजे ज्यात पीक दिसतं आणि माती दिसते. तिने जन्मभर तेच केलं होतं. हे हिरवं गच्च काय झालंय ते तिला कळेना. दिसायला तर जंगलच.

ओढ्याकडच्या रानाच्या एका अंगाने गाडीरस्ता जातो. तिथून रोज खुरपायच्या बाया जातात. त्यांच्या पुढे आता कस्तुराबाई असायची. एके काळी ती हरणाबाईच्या मागच्या पातीत असायची आणि तिची पात संपायला हरणाबाईला मागे येऊन हात लावावा लागायचा. त्या दिवशी हरणाबाई बांधावर उभी होती. कस्तुराबाईने रस्त्यावरूनच हाक मारली.

"हरणाबाई, रानात काय वाघ पाळायलाव का?"

बाया हसल्या.

"चवळी हाय ती," हरणाबाई म्हणाली.

"आसंल, आसंल. पर आक्का, तुमची पात कुठं हाय त्यात? दिसंना मनून इचारलं."

पुन्हा हसल्या. त्या हसण्यात फार विष नव्हतं, बाया वाटेने चालताना हसतातच. पण हरणाबाईच्या ते काळजात गेलं. ती घरी आली, जेवली नाही. गुडघे दुखायलेत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिवकन्या म्हशीखाली धार काढत होती तेव्हा हरणाबाई रानात पोचलीसुद्धा. सोबत बसायला पाट नेला होता. रस्त्याच्या कडेचा पट्टा, रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर जाते तेवढा. पाटावर टेकायचं, दोन्ही हातांनी चवळी मुळासकट उपटायची, मागे टाकायची, पाट पुढे सरकवायचा. दव पडलेलं होतं, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. गुडघ्यांतून कळा येत होत्या, पण हाताला जुनी लय सापडली आणि तिला बरं वाटलं. चवळीबरोबर खालचा बारका लव्हाळाही तिने काढला. उन्हं चढेपर्यंत त्या टोकापासून या टोकापर्यंत मक्याच्या ओळी सुट्या झाल्या, मधे काळी माती. ती बांधावर येऊन बसली आणि पदराने तोंड पुसलं.

बाया आल्या. कस्तुराबाई थांबली.

"आता कसं!" ती म्हणाली. "ह्याला मनायचं हरणाबाईचं रान."

हरणाबाईने नुसती मान हलवली. मनातून मात्र तिला गूळ खाल्ल्यागत झालं.

दुपारी शिवकन्या वैरणीला गेली तेव्हा तिने पट्टा पाहिला. तिने सुकत आलेले वेल गोळा केले, भारा बांधला, घरी आणून म्हशीपुढे टाकला. मग म्हणाली, "आत्या, चवळी कुणी उपटली?"

"म्या उपटली. रान माझं हाय."

"व्हय आत्या."

एवढंच. ती भांडली असती तर हरणाबाईला सोपं गेलं असतं. गोरोबाने तेवढी फिरकी घेतली. "तोंडाला पावडर लावल्यावानी केलंस की. रस्त्याकडं गोरं, आत सावळं."

"तुमी गप बसा," हरणाबाई म्हणाली.

त्यानंतर पावसाने दडी मारली. रोज आभाळ यायचं, वारा यायचा, आभाळ जायचं. आसपासच्या रानातलं सोयाबीन दुपारी माना टाकायला लागलं. रस्त्याकडच्या पट्ट्यात भेगा पडल्या. तिथल्या मक्याच्या पानांची सकाळी नऊलाच सुरळी व्हायची आणि संध्याकाळीही ती उलगडायची नाही. मक्याचा जीव जात होता आणि त्याच्या पायथ्याशी लव्हाळा मात्र तरारून वर आला होता. त्याला कुणी सावली करणारं उरलं नव्हतं. काढलेल्या जागी दुप्पट उगवला होता, टोकदार, चकचकीत, रस्त्यावरून दिसावा असा.

हरणाबाई पट्ट्यात उभी राहिली. मग चवळीच्या हद्दीत पाय टाकला. पाय वेलांत घोट्यापर्यंत बुडाला आणि तळव्याला गार लागलं. तिने वाकून वेल बाजूला सारले. खालची माती ओलसर होती, वर पडलेली पिवळी पानं मातीला चिकटली होती आणि त्यांच्याखालून एक गांडूळ सरकत गेलं. लव्हाळा होता, नव्हता असं नाही. पण पिवळा, दोऱ्यासारखा, वर यायला वाट न सापडून आडवा पडलेला. तिने चवळीचा एक वेल उपटला. मुळाला मण्यांसारख्या गाठी लगडल्या होत्या. उडदाच्या मुळाला तिने त्या जन्मभर पाहिल्या होत्या, पण कधी नखाने फोडल्या नव्हत्या. आज फोडली. आतून गुलाबी निघाली. आजूबाजूचा मका छातीला लागत होता, पानं पसरलेली.

तिला फार लाज वाटली. इतकी वर्षं तण काढणारी बाई ती, आणि आपणच आपल्या हाताने तणाला जागा करून दिली. तेही चार बाया हसल्या म्हणून. तिने तो उपटलेला वेल परत मातीत खोचायचा प्रयत्न केला. तो जगणार नाही हे तिला माहीत होतं, तरी खोचला.

पाऊस परत आला तोवर पट्ट्यातला मका गुडघ्याएवढाच राहिला होता. एका रविवारी इंद्रजित दुधाची गाडी रिकामी करून पाठीवरचा पंप आणि तणनाशकाचा डबा घेऊनच रानात आला. आईने आण्णाकाकांना दिलेली जबान त्याच्या मनात घोळत होती.

"आई, येळवशीला आण्णाकाका रस्त्यानंच येणार. पयल्यांदा हेच बगतील. एवढा पट्टा जाळून टाकतो. लव्हाळा खल्लास. कुणाला कळतंय?"

"आन् वाऱ्यानं आतल्या चवळीवर उडलं मंजी?"

"न्हाय उडत. जपून मारतो."

हरणाबाईने डबा त्याच्या हातातून काढून घेतला, बांधावर ठेवला आणि त्यावर बसली. डबा बसायला बेताचाच होता, गुडघे दुखत होते, पण उठली नाही.

"आई, उठ की. रान जाईल आपलं."

"जाऊ दे गेलं तर. जबान मी दिली, चवळी मी उपटली. आता मीच इख मारून झाकू? त्यो लव्हाळा हाय तसा ऱ्हाऊ दे. भावजींना दिसू दे."

शिवकन्या थोड्या अंतरावर वेल सोडवत होती. तिने सगळं ऐकलं. संध्याकाळी न सांगता तिने तेल गरम केलं आणि सासूचे गुडघे चोळले. हरणाबाईनेही पाय आखडून घेतले नाहीत.

कणसं भरली ती आतली. आतला मका कापताना इंद्रजितच्या हाताला कणसाचं वजन लागत होतं. पट्ट्यातली कणसं अशी की अर्ध्यात दाणे आणि अर्ध्यात दात पडल्यासारखं बोडकं. चवळीच्या शेंगा हरणाबाई उभ्याने, काठीने वेल उचलून तोडायची, वाळवायची, बडवायची. वेल म्हशीला गेले, मुळं रानात राहिली. मग त्याच रानात हरभरा पेरला. नांगरट सोडून नुसती कुळवाची पाळी घातली तरी ढेकूळ निघालं नाही, माती हाताने कुस्करत होती. गोरोबाने मूठभर उचलून नाकाला लावली. "वास बग," तो हरणाबाईला म्हणाला. तिने घेतला. मग ती माती आपल्या मुठीत घेतली आणि घरी येईपर्यंत ती मूठ उघडली नाही.

येळवस आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्या भागात घराला कुलूप लागतं आणि सगळं गाव रानात असतं. इंद्रजितने कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी केली. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, पांडव म्हणून मांडले. भज्जी म्हणजे हिरव्या दाण्यांची मिसळ भाजी, तिला जे लागतं ते जवळजवळ सगळं याच रानाचं. हरभऱ्याचे कोवळे घाटे, बांधावरच्या तुरीचे हिरवे दाणे, चवळी. शिवकन्याने सकाळीच पातेलं भरून भज्जी केली होती, बाजरीचे वाफवलेले उंडे होते, मडक्यात आंबील होती. नव्या चवळीचं एक गाठोडं हरणाबाईने पांडवांपुढे ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून जेवायला बोलवायचं ही त्या दिवसाची रीत. तशी कस्तुराबाईही आली होती, तिच्या सोबतच्या दोघीतिघी होत्या.

आण्णासाहेब मोटारसायकलवरून आले आणि रस्त्याच्या पट्ट्यापाशीच गाडी उभी करून उतरले. हरभरा तिथे लव्हाळ्यात बुडाला होता. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. गोरोबा आंबील शिंपडत रानाभोवती फिरत होता, तो मडकं घेऊन जागच्या जागी थांबला. इंद्रजितने आईकडे पाहिलं.

"वैनी," आण्णासाहेबांनी तिथूनच हाक मारली. "जबान ध्येनात हाय ना?"

हरणाबाई काठी टेकत टेकत पट्ट्यापर्यंत गेली. मागून बायाही आल्या.

"हाय की. मनून तर ह्याला कुणाला हात लावू दिला न्हाय," ती म्हणाली. "भावजी, ह्यो लव्हाळा माझ्या हातचा हाय. माझ्या सुनंनं हितं चवळी लावाय लावली, ती म्या उपटली. बाया हसत हुत्या. माझी पात दिसंना मनत हुत्या. ही बगा, ही माझी पात." तिने काठी पट्ट्यावर आपटली. मग ती काठी हरभऱ्याकडे, आतल्या सगळ्या रानाकडे फिरवली. "आन् ती शिवकन्याची. माझी जबान हाय, म्या फिरवणार न्हाय. लव्हाळा दिसला, रान तुमचं. पाडव्यापासनं करा. पर आधी आतलं बगून घ्या."

कस्तुराबाईने तोंडाला पदर लावला. या वेळी ती हसत नव्हती.

आण्णासाहेबांनी चपला बांधावर काढल्या आणि आत गेले. हरभरा पोटरीला लागत होता, गडद हिरवा. ते पाच-सहा तासं ओलांडून गेले, मधेच खाली बसले, दोन्ही हातांनी हरभरा बाजूला केला. बोट मातीत घातलं, ते पेरभर सहज आत गेलं. पुढे गेले, पुन्हा बसले. माणूस बागायतदार असला तरी हात शेतकऱ्याचेच. एका जागी त्यांना लव्हाळ्याची दोन पिवळी पाती सापडली. त्यांनी ती चिमटीत धरून उपटली, क्षणभर पाहिली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून बांधापलीकडे टाकली. गोरोबाने ते पाहिलं होतं. त्याने तोंड फिरवून आंबील शिंपडायला सुरुवात केली.

आण्णासाहेब परत आले. पायाला माती लागली होती, ती त्यांनी झटकली नाही.

"लव्हाळा पट्ट्यातच हाय. त्यो पट्टा ठिवा तुमालाच," ते म्हणाले. "एवढ्यात माझा ट्रॅक्टर वळायचा न्हाय."

"मंजी रान?" हरणाबाईनं विचारलं.

"रान तुमचं हाय, वैनी. भूक लागली, वाढा."

इंद्रजितने वाऱ्यावर उडत असलेला टॉवेल उगाच घडी करून ठेवला. सगळे कोपीपुढे बसले. आण्णासाहेबांनी भज्जी तीनदा मागितली, उंडा बुडवून खाल्ला, वर आंबील प्यायली. मग बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. दुधाच्या दराचं बोलले, तेरच्या रस्त्याचं बोलले. उठले, पुन्हा बसले. शेवटी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याचा पदर हातात घेतला.

"वैनी, ते बेणं... थोडं मिळालं आसतं तर. माझ्याबी वरच्या रानात लव्हाळा लई झालाय. फवारून फवारून कटाळलो."

हरणाबाईला हसू आवरत नव्हतं. ते तिने आवरलं नाही.

"माझ्याकडं नगा मागू," ती म्हणाली. "बेणं माझं न्हाय. ती बसलीय बगा, तिला मागा."

शिवकन्या भांडी गोळा करत होती. तिचे हात थांबले. चुलतसासऱ्यापुढे तिने पदर आणखी पुढे ओढला. आण्णासाहेबांना असं कुणाच्या सुनेला मागायची सवय नव्हती. ते घसा खाकरून तिच्यासमोर उभे राहिले आणि टॉवेल पसरून धरला.

"सूनबाई, देतीस का मूठभर?"

शिवकन्याने सासूकडे पाहिलं. हरणाबाईने मानेने खूण केली. तिने पांडवांपुढचं गाठोडं सोडलं, दोन्ही हात भरून चवळी घेतली आणि त्या टॉवेलात सोडली. मग आणखी एक ओंजळ.

"घाल, घाल," हरणाबाई कोपीतून म्हणाली. "फकस्त माझ्या पातीपुरतं तेवढं ठिव."